विमानाचे कान

"विमानात चढताना चपला बाहेर काढायच्या का घालूनच चढायचं?" शिवराजनं विचारलं.

"तुला कोण चढवतंय पण?" प्रणय म्हणाला. "आपण खालून बघणार. चढणार मंजू आन् काकू."

"म्हणून तर इचारतोय. मंजूच्या चपलेचा अंगठा ढिला झालाय. वरून पडली आन् एखाद्याच्या डोक्यात बसली म्हंजे?"

मुकुंदवाडीहून सकाळी लवकर निघालेली जीप कन्नड मागं टाकून पिशोरच्या रस्त्याला लागली होती. तेवढ्या वेळात शिवराजचे असले ढीगभर प्रश्न विचारून झाले होते. विमानाला हॉर्न असतो का? ढगात घुसल्यावर वायपर लावतात का? उलटी आली तर काच खाली होते का? शिवराज यंदा सहावीत जाणार होता आणि त्याचं तोंड झोपेतही चालू असतं, असं त्याची आईच सांगायची. प्रणय नुकताच नववी पास झालेला. तो बोलायचा कमी, पण बोलला की शिवराजसुद्धा घटकाभर गप्प व्हायचा. जीप चालवत होते ते प्रणयचे वडील, कडुबाकाका. कन्नडच्या रोजच्या फेऱ्या सोडून ते आज या पोरांना घेऊन निघाले होते.

एरवी शिवराजला पुरून उरणारी मंजुषा आज मात्र गप्प होती. तिचं सगळं लक्ष पुढच्या सीटवर बसलेल्या आईकडं होतं. आईनं मोरपंखी साडी नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. बघायला गेलं तर यात विशेष काही नाही. पण दिवाळीच्या आधीपासून आई घराच्या बाहेरच पडली नव्हती. दळण, भाजी, रेशन, सगळं मंजू आणि बाबा बघायचे. आई भिंतीला टेकून बसायची, जेव म्हटलं की जेवायची आणि नाही म्हटलं तर तशीच राहायची.

कारण दिवाळीच्या आधी सुयश गेला होता. मंजूचा दादा, प्रणयचा जिगरी दोस्त आणि शिवराजचा हक्काचा हेडमास्तर. डेंग्यूचा ताप आला आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं.

सुयश विमानवेडा होता. मुकुंदवाडीवरून रोज विमानं जातात, कुणी मान वर करून बघत नाही. सुयश मात्र ताटावरून उठून गच्चीत पळायचा. गेल्या पावसाळ्यात 'गगनसफर' नावाच्या एका पर्यटन कंपनीनं शाळाशाळांत स्पर्धा घेतली. विमान कसं उडतं, ते पाच मिनिटांत समजावून सांगायचं. सुयश पुठ्ठ्याचं विमान घेऊन उभा राहिला आणि पहिला आला. बक्षीस काय, तर कंपनीच्या छोट्या विमानाच्या पहिल्या फेरीत एक जागा, आणि सोबत घरातलं एक माणूस. त्या दिवशी त्यानं आईला उचलूनच घेतलं होतं. "आई, तुला तुझं पिशोर वरून दाखवतो," असं सारखं म्हणत होता. पिशोर म्हणजे आईचं माहेर.

परवाने मिळता मिळता विमानाला उन्हाळा उजाडला. एप्रिलमध्ये कंपनीचा फोन आला. सुयश निकम येणार का, म्हणून विचारत होते. सुयश नाही, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा आईनं भिंतीजवळून उठून फोन हातात घेतला आणि म्हणाली, "येतो."

मग बाबांना म्हणाली, "त्याची जागा रिकामी नाय जाऊ द्यायची."

"मला नाय बघवणार ते," बाबा म्हणाले. आज ते त्यांच्या कारखान्यात पाळीवर गेले होते.

पण त्या फोननंतर आई हळूहळू उठायला लागली. एकदा तर तिनं स्वतःहून चहा टाकला. परवा रात्री जेवताना विचारत होती, "वरून मामाची विहीर दिसंल का गं, मंजे?" मंजूनं तेव्हा घासच थांबवला होता. तेव्हापासून तिचं देवाकडं एकच मागणं होतं. काहीही होऊ दे, आज ते विमान उडू दे.

पिशोरच्या अलीकडं माळावर एक खासगी धावपट्टी होती. कापडी मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, कर्ण्यातून गाणी, सगळा लग्नासारखा थाट होता. आणि त्या थाटापलीकडं, पांढऱ्या अंगावर निळा पट्टा घेऊन, विमान उभं होतं.

"एवढंसंच?" शिवराजचं तोंड उघडंच राहिलं. "याच्यात तर माझे मामा एकलेच बसतील."

"चौघं बसतात," प्रणय म्हणाला. "पायलट धरून. सुयशनं सांगितलं होतं."

सुयशचं नाव निघालं की तिघंही क्षणभर एकमेकांकडं बघायची नाहीत. तसंच आताही झालं.

गगनसफरचे मालक सर्जेराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत माइक हातात घेऊन फिरत होते. माणूस तसा वाईट नव्हता. पण आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या माणसांचं जे होतं, तेच त्यांचं झालं होतं. विमान चालवणाऱ्या होत्या कॅप्टन सोनिया. बारीक केस, खांद्यावर पट्ट्या, आवाज शांत. त्यांच्या टेबलाशेजारी वजनकाटा ठेवला होता. छोट्या विमानात माणसं वजन बघून बसवावी लागतात, हे त्या प्रत्येकाला न कंटाळता सांगत होत्या.

सर्जेरावांनी माइकवरून पुकारलं, "पहिल्या फेरीचे मानकरी! आपल्या स्पर्धेचा विजेता, कुमार सुयश निकम!"

मांडवात टाळ्या पडल्या. मंजू उठायला लागली. ती काही बोलणार, तोच आई खुर्चीतून उठली.

"हजर," आई म्हणाली. शाळेत हजेरी घेतात ना, तशी.

टाळ्या आपोआप विरल्या. सर्जेराव हसत म्हणाले, "ताई, मुलाला पाठवा ना. लाजतोय का?"

"मुलगा नाय," आई म्हणाली. "तो गेला. त्याच्या जागेवर मी आलेय."

सर्जेरावांनी माइक खाली घेतला. कॅप्टन सोनिया मात्र टेबलामागून उठल्या, आईचा हात धरून तिला काट्यावर उभं केलं आणि काटा बघून त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. आईचं वजन मंजूपेक्षा थोडंच जास्त भरलं होतं.

"खिडकीजवळ बसवते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "मुलीला शेजारी." मग मुलांकडं वळल्या. "विमानाजवळ उभे राहून फोटो काढा हवं तर. पण हात लावायचा नाही हं. सकाळी मी सगळं तपासून ठेवलंय. सर्जेराव पूजा करायची म्हणत होते, त्यांनाही मी नाही म्हटलं. हार, नारळ, काही नको. विमानाला कुणी हात लावला असं कळलं, तर मी उडणार नाही."

तिघं विमानापाशी गेली. प्रणय फोन सरसावून मागं मागं सरकला. शिवराजनं कमरेवर हात ठेवले, छाती फुगवली आणि लगेच एका पायावर नाचायला लागला.

"काय झालं?"

"पायाखाली काय तरी बिलबिलीत आलं. ई! लिंबू हाय."

चाकाच्या मागं एक लिंबू चपटं होऊन पडलं होतं. प्रणयनं वाकून बघितलं. दुसऱ्या चाकामागंही होतं.

"नवी गाडी घेतल्यावर चाकाखाली ठेवतात तसली," शिवराज म्हणाला. "पण मॅडम तर म्हणाल्या पूजा नाय केली."

"लिंबू चाकाच्या मागं हाय," प्रणय सावकाश म्हणाला. "म्हंजे कुणीतरी विमान ढकललंय. लिंबावरून."

आता खरी मजा सुरू झाली. शिवराज पोलिसासारखा गवतात वाकून चालायला लागला आणि करवंटीचा एक तुकडा घेऊन आला. तिथली मातीही ओली होती. पंखाला आधार देणाऱ्या दांड्याच्या खोबणीत मंजूला तांदळाचे दोन लाल दाणे सापडले. अक्षता! पण विमान बघावं तर लख्ख. कुंकवाचा ठिपका नाही की हळदीचं बोट नाही.

"लिंबू हाय, नारळ हाय, अक्षता हायेत," मंजू म्हणाली. "मंग कुंकू कुठं गेलं? कुंकवाशिवाय कुणी पूजा करतं का?"

"पुसलं असंल," प्रणय म्हणाला. "मॅडमला दिसू नाय म्हणून. ओल्या फडक्यानं."

"लई हुशार चोर," शिवराज खूश होऊन म्हणाला. "देवाची चोरून पूजा!"

मंजूलाही हसू आलं. मोठी माणसं पोरांसारखी लपूनछपून काय काय करतात! ती हसत हसत विमानाच्या डाव्या अंगानं पुढं गेली आणि दाराच्या पुढं, नाकाच्या बाजूला, तिला एक बारीकसं गोल दिसलं. भोवती रंगानं कडं काढलेलं, वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. कड्याच्या बरोबर मध्ये टाचणीच्या डोक्याएवढं भोक. आणि ते भोक लालभडक होतं.

मंजूचं हसू तिथंच थांबलं.

गच्चीवरच्या एका दुपारी सुयशनं तिला हे शिकवलं होतं. पुठ्ठ्याच्या विमानाला पेन्सिलीनं टोचून टोचून. "मंजे, विमानाला नाक असतं आन् कान असतात. नाकानं वेग कळतो, कानानं उंची. कान म्हंजे बाजूला एवढंसं भोक. ते बुजलं की विमान झालं बहिरं. मंग तू कितीबी वर जा, काटा म्हणणार तू खालीच हायेस. डोंगर पुढं आला तरी पायलटला खरं कळायचं नाय."

ते कडं बघून पूजा करणाऱ्याला वाटलं असणार, कंपनीनं गंध लावायला जागाच करून दिली आहे! तिथं कुंकू भरलं, मग वरचं पुसलं. आतलं आतच राहिलं.

तिनं दोघांना बोलावून दाखवलं. शिवराजचा चेहरा पडला. प्रणयनं वाकून ते भोक जवळून बघितलं.

"मॅडमला सांगावं लागंल," तो म्हणाला.

"सांगितलं तर उडणार नाय म्हणाल्यात ना त्या," शिवराज पुटपुटला.

तिघांनीही मांडवाकडं बघितलं. आई खुर्चीत ताठ बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. तिची नजर आभाळात होती. कितीतरी महिन्यांत मंजूनं तिला जमिनीकडं सोडून दुसरीकडं कुठं बघताना पाहिलं नव्हतं.

"मंजे," शिवराज दबक्या आवाजात म्हणाला, "तुझ्या केसातली पिन दे. आपणच उकरून काढू. कुणाला कळायचं बी नाय."

मंजूनं पिन काढली. किती सोपं होतं! एकदा टोचायचं, फिरवायचं, फुंकर मारायची. आई वर जाणार, पिशोर बघणार, खाली उतरून कदाचित पोटभर जेवणारसुद्धा. तिनं पिनेचं टोक त्या लाल ठिपक्याजवळ नेलं आणि तिला रडूच फुटलं. ते कुंकू आतल्या आत सरकलं तर? आणि सगळ्यांना वाटलं की सगळं ठीक आहे, तर? मग विमानात खिडकीजवळ आईच तर बसणार होती.

"नाय," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि पिन केसांत खोचली. "चला."

पण मोठ्या माणसांना काही सांगायचं म्हणजे आधी त्यांच्यापर्यंत पोचावं लागतं. सर्जेराव वाटेतच आडवे आले. "ए पोरांनो, कुठं? मॅडम कामात आहेत."

"काका, विमानाची पूजा केलीय कुणीतरी," मंजू म्हणाली. "कुंकू भोकात गेलंय. विमानाच्या कानात."

सर्जेरावांच्या कपाळावर घाम आला, पण आवाज चढला. "काय बोलतेस? पूजा वगैरे काही झालेली नाही. कान म्हणे! विमानाला कान असतात का? पाहुणे आलेत, पेपरवाले आलेत. जा, बसा जागेवर!"

कॅप्टन सोनियांनी टेबलावरून मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही मॅडम, पोरं आहेत, खेळतायत," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी तिघांनाही मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पिटाळलं.

"आता?" प्रणय दात आवळून म्हणाला. "आपण सांगणार झालीय, हे म्हणणार नाय झाली. पोरांचं कोण ऐकतंय?"

शिवराज डोकं खाजवत उभा होता. मग त्याचे डोळे एकदम चमकले. "नारळ फोडला ना त्यांनी?"

"व्हय."

"मंग खोबरं कुठंय? नारळ फोडला आन् प्रसाद वाटला नाय, असं कुठं असतंय का?"

खरं होतं. पूजा लपवता येते, पण प्रसाद लपवायचा म्हणजे पाप, असं मानणारं एकतरी माणूस प्रत्येक घरात असतं. तिघं मांडवामागं उभ्या असलेल्या गाड्यांकडं पळाली. सर्जेरावांच्या मोठ्या पांढऱ्या गाडीत, मागच्या सीटवर, एक म्हातारी मांडीवर ताट घेऊन बसली होती. ताटात निरांजन, तुपाची वाटी, कुंकवाची कोयरी आणि एका कोपऱ्यात रुमालानं झाकलेलं काहीतरी.

"आजी," शिवराज इतक्या गोड आवाजात म्हणाला की मंजूला त्याचा आवाज ओळखूच येईना, "परसाद हाय का?"

"हाय की, माझ्या राजा," म्हातारीनं रुमाल बाजूला केला. या होत्या सर्जेरावांच्या आई, वच्छलाबाई. "सर्जा म्हणला, उडून येईस्तवर कुणाला देऊ नको. पण लेकराला नाय कसं म्हणू? घ्या. इमानाच्या पूजेचा हाय. माझ्या हातानं केलीय, तुपात कुंकू कालवून. ज्या लेकराची ती जागा हाय ना, ते बिचारं गेलं म्हणं. आत्ताच कळलं मला. त्याच्या मायला बी न्या एक तुकडा."

मंजूचा तिथून पाय निघेना. ही आजी तर सगळ्यांचं भलंच मागत बसली होती.

शिवराज मात्र खोबरं ओंजळीत घेऊन सरळ चालत सुटला. सर्जेराव पेपरवाल्यांना मुलाखत देत होते, त्यांच्या बाजूनं तो सुळकन निसटला आणि टेबलापाशी जाऊन दोन्ही हात पुढं केले.

"मॅडम, परसाद."

कॅप्टन सोनियांनी सवयीनं हात पुढं केला, तुकडा कपाळाला लावला आणि विचारलं, "कसला रे?"

"तुमच्या विमानाचा."

त्यांचा हात तसाच राहिला. त्या एकदम उभ्या राहिल्या. मागून प्रणय आणि मंजू येऊन पोचली होती. "डाव्या बाजूचं भोक," मंजू एका दमात म्हणाली. "उंचीचं. त्यात कुंकू गेलंय. तुपातलं."

कॅप्टन सोनिया पळत विमानाकडं गेल्या. गुडघ्यावर बसून, विजेरी लावून त्यांनी भोक बघितलं. सर्जेराव धापा टाकत आले. "मॅडम, बाहेरून पुसलंय सगळं! जरासं कुंकू तर—"

"जरासं कुंकू," कॅप्टन सोनिया उठून म्हणाल्या. आवाज अजूनही शांत होता, पण सर्जेराव दोन पावलं मागं सरकले. "मे महिन्याचा धुरळा आहे. पुढं घाटाचे डोंगर आहेत. आणि माझा उंचीचा काटा मला खोटं सांगत राहिला असता. मला कदाचित वेळेत कळलं असतं. दुसरी सोयही असते विमानात. पण कदाचितवर मी या बाईंना आणि या मुलीला वर नेऊ? तुमच्या आईंची चूक नाही, सर्जेराव. त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला मी सांगितलं होतं."

सर्जेरावांचं तोंड एवढंसं झालं.

"आता साफ नाही का करता येणार?" मंजूनं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"तूप आत नळीत गेलं असणार, बाळा. मुंबईहून तंत्रज्ञ येईल, नळ्या काढून तपासेल. त्याशिवाय हे विमान जमिनीवरून हलणार नाही. आणि इथली परवानगी फक्त आजची आहे." त्यांनी विजेरी बंद केली. "पुन्हा नेईन, असं मी खोटं नाही सांगणार. विमान माझं नाही."

मग जे व्हायचं ते झालं. माइकवरून फेऱ्या रद्द झाल्याचं सांगितलं गेलं. लोक कुरकुरले, मग खरा प्रकार कळल्यावर गप्प झाले, मग मुलांभोवती गोळा झाले. सर्जेरावांनी मात्र एक केलं. पाहुण्यांसाठी आणलेल्या शाली त्यांनी तिन्ही मुलांच्या खांद्यावर घातल्या आणि माइकवर सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. या लेकरांनी आज माणसं वाचवली. मोठ्यांना जे दिसलं नाही, ते यांनी बघितलं." पेपरवाल्यांनी फोटो काढले. वच्छलाबाई गाडीतून उतरून आल्या. "माझ्या हातानं काय झालं असतं गं माय," म्हणत त्यांनी मंजूच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या रडायला लागल्या.

शिवराज शालीत घामानं भिजून गेला होता, तरी काढायला तयार नव्हता. प्रणयची पाठ कडुबाकाका सारखे थोपटत होते. मंजूला यातलं काहीच नको होतं. तिला आईच्या समोर जायची भीती वाटत होती.

आई त्याच खुर्चीत बसली होती.

"म्हंजे नाय जायचं?" तिनं विचारलं.

"नाय, आई." मंजू तिच्या खुर्चीपाशी बसली. "मीच सांगितलं त्यांना. मला सांगावंच लागलं."

"बरं केलंस," आई म्हणाली. तिनं मंजूच्या अंगावरची शाल सारखी केली. तिचे हात शालीवर फिरत होते, पण डोळे पुन्हा जमिनीकडं गेले होते. सकाळपासून उजळलेला तो चेहरा विझताना मंजूला डोळ्यांनी दिसला. ओरडावं, पाय आपटावेत, सर्जेरावांची शाल त्यांच्याच अंगावर फेकावी, असं तिला वाटलं. पण त्यानं काय होणार होतं?

कॅप्टन सोनिया आईसमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, उडवू नाही शकत मी. पण त्याच्या जागेवर बसायचं आहे का तुम्हाला?"

आईनं मान वर केली. मग उठली.

खिडकीजवळची जागा. कॅप्टन सोनियांनी आईला हात देऊन आत बसवलं, पट्टा बांधला, शेजारी मंजूला बसवलं आणि स्वतः पुढं आपल्या जागेवर बसल्या. दारं उघडीच होती. प्रणय आणि शिवराज खाली दाराशी उभे राहिले. आतमध्ये उन्हानं तापलेल्या सीटचा वास येत होता. कुठलाच आवाज नव्हता.

आईनं काचेला हात लावला. "यातून काय काय दिसलं असतं त्याला?"

मंजूनं काचेतून बाहेर बघितलं. ती कधी वर गेलीच नव्हती. पण आई वाट बघत होती.

"आधी हा माळ खाली गेला असता," ती म्हणाली. "मांडव रुमालाएवढा झाला असता. मग कडुबाकाकांची जीप."

"काडेपेटीएवढी," खालून शिवराज म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"मग कन्नडचा रस्ता. त्याच्यावर एसटी. लाल मुंगीसारखी."

"घाट उजव्या हाताला," प्रणय म्हणाला. "डोंगर वरून लई सपाट दिसतात म्हणायचा तो. वळणावळणाचा रस्ता. आन् साखर कारखान्याची चिमणी."

"चिमणीच्या पलीकडून वळलो," मंजू म्हणाली. आता तिलाच सगळं दिसायला लागलं होतं. "मग पिशोर. बाजारातले पत्रे चमकतायत. मारुतीचं देऊळ. मग मामाचं शेत, बांधावरचा लिंब. आन् विहीर. गोल. पाणी हिरवं."

"पोरं पोहतायत का?" आईनं विचारलं. ती काचेतून बाहेर, समोरच्या कोरड्या माळाकडं बघत होती.

"हो. लई पोरं. उड्या मारतायत."

"तिथंच शिकला तो पोहायला. मामानं पाठीला डबा बांधला होता."

"हो, आई."

"तो दिसतोय का?"

मंजूनं तोंड उघडलं. इतका वेळ ती सगळं मनानंच सांगत होती, आणखी एक गोष्ट सांगायला कितीसा वेळ लागला असता! हो म्हटलं असतं तर आई हसली असती. दाराशी प्रणयनं मान खाली घातली होती. शिवराज शालीत तोंड खुपसून मुसमुसत होता. मंजूला हो म्हणता येईना.

"नाय, आई," ती म्हणाली. "तो नाय दिसत."

आईनं हळूच मान हलवली.

"मला बी नाय दिसत," ती म्हणाली.

तिनं काचेवरचा हात काढून घेतला आणि पुढं बसलेल्या कॅप्टन सोनियांना म्हणाली, "पुरे झालं, मॅडम. उतरवा आता मला खाली."

कॅप्टन सोनिया हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या काट्यांवरून एकदा नजर फिरवली, डोळे पुसले आणि मागं वळून आईचा पट्टा सोडला.

"उतरलो, ताई," त्या म्हणाल्या.

मंजू आधी खाली उतरली. तिनं आणि प्रणयनं दोन्ही बाजूंनी हात धरून आईला उतरवून घेतलं. जमिनीवर पाय टेकताच आई पंखाच्या सावलीत मटकन खाली बसली आणि मंजूला छातीशी धरून, सुयश, सुयश म्हणत, मोठ्यानं रडायला लागली. मंजूही रडली, शिवराजही रडला आणि प्रणय त्यांच्याजवळ गवतात बसून राहिला. कुणीही तिला गप्प हो म्हणालं नाही.

ऊन कलल्यावर ते सगळे जीपमध्ये बसले. कन्नडच्या स्टँडसमोर आईनं गाडी थांबवायला सांगितली. पोरं सकाळपासून उपाशी आहेत म्हणाली.